भूल देणाऱ्याचे नाव

दवाखान्याच्या ऑपरेशन रजिस्टरात सात रकाने होते. तारीख, रोग्याचं नाव, गाव, आजार, शस्त्रक्रिया, ती करणाऱ्या डॉक्टरचं नाव, आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या कडेला दाटीवाटीनं आखलेला रकाना: भूल देणाऱ्याचे नाव. या शेवटच्या रकान्यात प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘डॉ. बन्सीधर’ असं वळणदार अक्षरात लिहिलेलं असे आणि त्याखाली पानभर दोन-दोन बारीक रेघा. वरचंच नाव खाली समजावं, अशी ती खूण.

डॉ. बन्सीधर परभणीहून या तालुक्याच्या गावी एकदाच आले होते. शहात्तर सालच्या शिबिराला, दोन दिवस. जाताना चहा घेतला, जीपमध्ये बसले, ते पुन्हा काही आले नाहीत. पण भुजंग कारकुनानं पान उलटलं की माथ्यावर त्यांचं नाव लिहायचं आणि खाली रेघा ओढायच्या, हे जे सुरू केलं ते सात वर्षं चाललं.

प्रत्यक्षात भूल द्यायची धुरपताबाई. पगारपत्रकावर ती आया होती.

तिचं माहेर राणीसावरगावचं. नवरा याच दवाखान्यात पहारेकरी होता. तो काविळीनं गेला तेव्हा धुरपता सव्वीस वर्षांची, पदरात एक लेक. नवऱ्याच्या जागेवर तिला घेतलं आणि आवारातली एक खोली दिली. फरशी पुसणं, बाळंतिणींचे कपडे उकळणं, भांडी घासणं हे तिचं काम. हात स्वच्छ आणि बोलणं कमी, म्हणून सिस्टरनं तिला ऑपरेशन थेटरात लावून घेतलं.

तेव्हा बसवंतराव डॉक्टर होते. जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा, थेटरात शिरताना चपलेबरोबर राग बाहेर काढून ठेवणारा माणूस. परभणीशिवाय कुठं भूलतज्ज्ञ नव्हता, आणि परभणी दीड-दोन तासांची वाट. म्हणून ते कंपाउंडरच्या हातात भुलीची जाळी द्यायचे आणि कापता कापता एक कान त्याच्याकडं ठेवायचे. एके दिवशी कंपाउंडर लग्नाला गेला आणि गळू चिघळलेली एक पोर टेबलावर आली. बसवंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं.

“धुरपता, हात धुऊन ये.”

चहाच्या गाळणीएवढी तारेची जाळी, तिच्यावर कापडाचे आठ पदर. जाळी नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतलं इथर वरून थेंबथेंब सोडायचं. वासानं तिचे स्वतःचे डोळे भरून आले.

“किती टाकू, साहेब?”

“जात्यावर दळतेस ना?”

“रोज.”

“मग जात्याला घास कसा घालतेस? मूठभर एकदम कोंबलीस तर?”

“जातं आडतंय.”

“आणि घातलाच नाहीस तर?”

“दगडाला दगड घासतोय.”

“झालं तर. जात्याचा आवाज ऐकत घास घालतेस, तसा हिचा श्वास ऐक आणि थेंब घाल. श्वास तुला सांगेल.”

इतकं सोपं ते नव्हतं, आणि बसवंतरावांनीही सोपं म्हणून सोडून दिलं नाही. पुढची दोन वर्षं ते तिला शिकवत राहिले. पोट रिकामं आहे का, हे नातेवाइकाला एकदा आणि रोग्याला एकदा, वेगवेगळं विचारायचं. हलणारा दात बघायचा. डोळ्यांवर ओलं कापड ठेवायचं. हनुवटी वर उचलून धरायची, नाहीतर जीभ मागं पडून माणूस आपल्याच जिभेनं गुदमरतो. गरवार बाईला सरळ उताणी ठेवायची नाही, उजव्या कुशीखाली उशी सारायची. आतडं पिळलेल्या माणसाचं पोट चार दिवस उपाशी असला तरी रिकामं नसतं, त्याला आधी नाकातून नळी घालून पोट उपसायचं. लाइट गेली तर गॅसबत्ती टेबलापासून लांब आणि उंच टांगायची, कारण इथरची वाफ जमिनीलगत सरपटते आणि ठिणगी शोधते. आणि ऑपरेशन संपलं म्हणून उठायचं नाही. माणूस कुशीवर वळवून, तो जागा होईपर्यंत हनुवटीचा हात काढायचा नाही.

काही गोष्टी तिच्या तिनंच शोधल्या. श्वास कमी पडला की नखं निळी पडतात, असं साहेबांनी सांगितलं होतं. पण पंचमीच्या महिन्यात बायांची नखं मेंदीनं लालभडक आणि मिश्रीनं ओठ बारा महिने काळे. मग ती कानाची पाळी बघायला लागली. पाळी चिमटीत दाबून सोडली की रंग कसा परततो, यावरून तिला कळे. बसवंतरावांनी ते पाहिलं आणि नुसतं “हं” म्हटलं. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

या शहाणपणानंच तिला बांधून घातलं.

गावोगाव बातमी गेली. दवाखान्यात आलेली माणसं डॉक्टरच्या आधी विचारत, “झोपंची बाई हाय का?” ती नसली तर ऑपरेशन नाही, म्हणून ती नसणं बंद झालं. तिच्या खोलीची खिडकी थेटरच्या दाराकडं उघडायची. भाकरी थापताना, पाणी भरताना, केस विंचरताना तिचा कान त्या दाराकडं असे. सिस्टर दारात येऊन नुसती उभी राहिली तरी धुरपता तवा उतरवून निघे. माहेरच्या जत्रेला गेली तर दुसऱ्या दिवशी जीप दारात. बहिणीच्या लग्नात तांदूळ हातात घेऊन उभी असताना तिला बोलावून नेलं होतं, ते तांदूळ तिनं जीपमध्ये बसल्यावर मुठीतून खाली सोडले. लेक सेलूला दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला जायचं म्हणून रजेचा अर्ज दिला, तर भुजंग म्हणाला, “आयाची रजा मंजूर हाय बाई. पण आया गेली की थेटर बंद पडतंय, त्याचं काय करायचं?”

“मंग मी आया हाय का आनखी कोन हाय?”

“कागदावर आयाच.”

लेक बाळंत झाली तेव्हा धुरपता कुण्या दुसऱ्याच्या लेकीची हनुवटी धरून बसली होती.

एक्याऐंशी साली बसवंतराव निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांनी तिला थेटरात बोलावलं. बाटल्यांचं कपाट उघडंच होतं. “धुरपता,” ते म्हणाले, “मी तुझं बरं केलं का वाईट, मला कळत नाही.” तिलाही कळलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला.

त्यांच्या जागी डॉ. शिवरुद्र आले. तिशीतले, लातूरकडचे. हात इतका चपळ की बसवंतराव पाऊण तास लावत ते हे वीस मिनिटांत उरकत. माणूस वाईट नव्हता. पण कापताना त्यांचं लक्ष कापण्यात असे, टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नसे. ती बाजू धुरपताबाईची. बसवंतरावांचा तो एक कान आता थेटरात नव्हता, आणि तिला पहिल्यांदा त्या खोलीत एकटं वाटायला लागलं.

त्याच सुमाराला एकदा ती कचेरीत केर काढत होती. भुजंग रजिस्टरात रेघा ओढत होता. ओढता ओढता म्हणाला, “बन्सीधर डॉक्टर वारले म्हणं की. पोळ्याच्या आधीच.”

तिचा झाडू थांबला. “कोन बन्सीधर?”

“हे काय.” त्यानं पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं. “तुमचं काम कागदावर हेच करायलेत की, शहात्तर सालापासून.”

तिला अक्षरओळख होती, चौथीपर्यंतची. तिनं पहिल्यांदाच ते पान वाचलं. ओळीओळीनं तिला माणसं आठवत गेली. हर्निया, ही कोद्रीची म्हातारी. अपेंडिक्स, हा दात पडलेला मास्तर. प्रत्येकाच्या पुढं दोन रेघा.

“मंग आता? मेलेल्या मानसाचं नाव?”

“नाव बदललं की वरून विचारतेत, हे कोन नवीन. त्यापेक्षा चालू हाय ते चालू द्यावं. त्यांची काई तकरार येनार हाय का?” भुजंग आपल्याच विनोदावर हसला. मग तिचं तोंड बघून म्हणाला, “बाई, तुमच्याच भल्याचं हाय ते. उद्या काई झालं तर तुमचं नाव कुटं हाय?”

तिला ते काही दिवस पटलंही. मग मुंजाजी आला.

चाळिशीतला सालगडी. पोट ढोलासारखं तट्ट फुगलेलं, तीन दिवस अन्न नाही, वारा सरत नाही. बायको चांगुणाबाई त्याच्या पायांशी बसून त्याचे तळवे चोळत होती. शिवरुद्रांनी पोटावर बोटं वाजवली आणि म्हणाले, “आतडं पिळलंय. घ्या लगेच.”

धुरपताबाईनं जाळीवर कापड घडी केलं. “साहेब, आधी नळी घालायची का?”

“तीन दिवसांचा उपाशी आहे बाई.”

“आतडं पिळल्यालं हाय म्हनून म्हनलं. बसवंतराव साहेब...”

“वेळ नाही.” ते हात धुवायला वळले होते. “द्या तुम्ही.”

तिनं दिलं. हाच तो क्षण ती पुढं हजारदा उलटून बघणार होती. ती ‘न्हाई’ म्हणू शकली असती का? आयानं डॉक्टरला? अर्धं काम झालं असताना मुंजाजीच्या छातीत एक उचकी आली आणि तोंडातून हिरवं पाणी उसळलं. तिनं डोकं एका कुशीला वळवलं, तोंडातलं पाणी ओढून घेणारा पायाखालचा पंप दाबला. पंपाची रबरी नळी दिवाळीपासून फाटलेली होती. तीनदा सांगून झालं होतं. ती बोटाला कापड गुंडाळून तोंड पुसत राहिली, पुसत राहिली. जे आत जायचं ते गेलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. मुंजाजी जागा झाला, बायकोला ओळखलं, आणि मग त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

चांगुणाबाई रडून झाल्यावर कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला भांडायचं नव्हतं. तिला नीट समजून घ्यायचं होतं. “पोट बरं झालं म्हनले साहेब. मंग छातीला काय झालं? झोपतानी काई झालं का? झोपवलं कोनी व्हतं त्यांस्नी?”

भुजंगनं रजिस्टर उघडून अदबीनं वाचलं, “डॉक्टर बन्सीधर.”

“त्यांस्नी भेटवा मला. एकच इचारते.”

“ते... ते न्हाईत आता.”

“कधी येतेन?”

धुरपताबाई तिच्यापासून चार हातांवर होती. बादलीत फडकं बुडवलेलं, हात पाण्यात. चांगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलंही, दवाखान्यात आयाकडं पाहतात तसं. आता बोलावं, असं धुरपताबाईच्या घशापर्यंत आलं. पण भुजंग डोळे वटारून होता. आणि खोटं का बोला, तिला स्वतःलाच भीती वाटली. ती फडकं पिळत राहिली. चांगुणाबाई थोडा वेळ उभी राहिली, मग वाट बघून थकलेल्या माणसासारखी पायरी उतरून गेली. येणार नसलेल्या माणसाची ती पुढं किती दिवस वाट बघत असेल, हे धुरपताबाईच्या डोक्यातून जाईना.

आठ दिवसांनी ती शिवरुद्रांपुढं जाऊन उभी राहिली. “साहेब, माझं नाव लिवनार असताल तर मी जाळी धरते. न्हाईतर मला वार्डात टाका.”

शिवरुद्रांनी पेन खाली ठेवलं. “तुमचं नाव लिहिलं तर वरून पहिला प्रश्न येईल, आयाच्या हातात इथर कुणी दिलं? तुम्ही घरी जाल, मीही जाईन. आणि नाही लिहिलं तर तुम्ही थेटरात येणार नाही. मग मी करू काय?”

“परभनीला पाठवा.”

“दोन तास लागतात.”

“ठावं हाय.”

त्यांनी पेन उचलून त्याला टोपण लावलं. मग म्हणाले, “बरं.” तेही तिच्याइतकेच अडकलेले होते, हे तिला त्या एका शब्दात कळलं. त्यामुळं तिला बरं मात्र वाटलं नाही.

दीड महिना ती वार्डात राहिली. रोगी जीपमधून परभणीला जात होते. तिच्या केसांतला इथरचा वास उतरला. ती दाराकडं कान न लावता भाकरी थापू शकत होती, तरी कान तिकडंच जायचा.

पावसाळा सरता सरता विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर पुन्हा वातावरण तापलं. एक दिवस मागणीवाल्यांचा मोर्चा, दुसऱ्या दिवशी विरोधवाल्यांचा बंद. एसटी उभी, रस्त्यावर बाभळी तोडून आडव्या टाकलेल्या, पुलावर दगड. त्या बंदच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बैलगाडीतून मनकर्णाला आणलं. वय एकोणीस, पहिली खेप. मूल आडवं आलं होतं, एक हात बाहेर. दोन दिवसांच्या कळांनी आणि गेलेल्या रक्तानं ती पांढरीफटक पडली होती. सासू सरजाबाई गाडीबरोबर चालत आली होती, तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

शिवरुद्रांनी नाडी धरली आणि सिस्टरला हळू आवाजात म्हणाले, “कमरेत सुई देऊन भागणार नाही. इतकं रक्त गेल्यावर ती सोसणार नाही. झोपवावंच लागेल.” जीपचा ड्रायव्हर दारात होता. तो पहिल्या बाभळीपासूनच परत आला होता.

सगळ्यांनी धुरपताबाईकडं पाहिलं.

ती थेटरच्या दारात आली. हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले, पुढं धरलेले. पण उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही.

“रजिस्टर आना,” ती म्हणाली.

“बाई, ही वेळ आहे का?” शिवरुद्रांचा आवाज चिरकला.

“हीच हाय साहेब. मागून लिवत न्हाईत. मागून रेघा वढतेत.”

भुजंग धावत आला होता. “वा वा! भाईर एका नावापायी सडका आडवल्यात, आन् तुमी हितं आपल्या नावापायी थेटर आडवलं! बाई मरायलीय तिकडं!”

“म्हनूनच म्हनायलेय. मेली तर हिच्या सासूनं कोनाला इचारायचं?”

सरजाबाईला काहीच कळत नव्हतं. ती एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत म्हणाली, “अवं बाई, पाया पडते तुमच्या. काय लिवायचं ते लिवा, पन हात लावा माज्या सुनंला.”

धुरपताबाईनं मान फिरवली. शिवरुद्रांनी लिहिलं नसतं तरी ती आत गेलीच असती. दोन श्वासांनी, तीन श्वासांनी. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते आपल्या तोंडावर दिसू नये म्हणून ती भिंतीकडं बघत होती. त्या दीड महिन्यात तिला एवढंच उमगलं होतं की नाही म्हणण्याची ताकद तिच्यात नाही. होती ती फक्त थोडा वेळ दारात उभं राहण्याची.

शिवरुद्रांनी भुजंगच्या हातातून रजिस्टर ओढलं. शेवटच्या रकान्यात, डॉ. बन्सीधरांच्या खालच्या रेघा संपत होत्या तिथं, त्यांनी लिहिलं. मग वही तिच्यापुढं धरली. ‘धुरपताबाई, आया.’ खाली त्यांची सही. शाई ओली होती.

ती आत गेली.

आधी नळी. मनकर्णाच्या पोटातून वाटीभर पाणी निघालं. टेबलाच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा सारून डोकं खाली केलं. उजव्या कुशीखाली उशी. पंपाला आता नवी नळी होती, ती तिनं पायानं दोनदा दाबून पाहिली. मनकर्णानं डोळे उघडले. “मावशे, मी मरायलेय का?”

“न्हाई. झोपायलीस. नाकानं घे. कडू लागंल, घे तरी.”

पहिले थेंब. मनकर्णानं मान झटकली, हात आपटले. सिस्टरनं ते धरले. धुरपताबाई घाईला आली नाही. मग श्वास खोल झाला, एका लयीत आला, आणि तिच्या मनात जातं फिरायला लागलं. घास, फेरा. घास, फेरा. बाहेर कुठं घोषणा चालल्या होत्या, कोणत्या बाजूच्या ते कळत नव्हतं. ती कानाची पाळी दाबत होती आणि सोडत होती. एकदा पाळी दाबली आणि रंग परतला नाही.

“साहेब, थांबा.”

शिवरुद्रांचा हात थांबला. आजवर तिनं त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं आणि त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिनं जाळी उचलली, हनुवटी वर ओढली, पंप दाबला. सिस्टरनं सलाइनची चिमटी मोकळी सोडली. एक श्वास, लांबून आल्यासारखा. दुसरा. तिसऱ्याला पाळीवर फिकट गुलाबी रंग चढला.

“हं. आता चालू द्या.”

मूल निळं निघालं. सिस्टरनं त्याला पाय धरून उलटं केलं, पाठ चोळली, आणि बऱ्याच वेळानं ते मांजराच्या पिलासारखं कुरकुरलं. मुलगी होती. धुरपताबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिचा हात मनकर्णाच्या हनुवटीखाली होता, तो दुपारी दोन वाजता मनकर्णानं पाणी मागितलं तेव्हा निघाला. बोटं आखडून वाकडी झाली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं एकेक सरळ केली.

मनकर्णा बाराव्या दिवशी घरी गेली. तिसाव्या दिवशी मेमो आला.

चौकशीला परभणीहून एक साहेब आले. सौम्य बोलणारे, पिकल्या मिशांचे. त्यांनी सात वर्षांची रजिस्टरं टेबलावर रचली होती. शिवरुद्र एका बाजूला मान खाली घालून बसलेले.

“बाई, आजवर किती जणांना भूल दिली?”

“मोजले न्हाईत साहेब.”

“मेले किती?”

“एक. मुंजाजी. बायकूचं नाव चांगुणाबाई.”

“डॉ. बन्सीधरांना तुम्ही ओळखत होतात?”

“त्यांच्या चहाची कपबशी इसळली व्हती एकदा.”

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “खरं सांगू का? हे नाव लिहून घेतलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं.”

त्यांनी त्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी आपलं लिहायला घेतलं.

निकाल कुणी म्हणेल तर दयेचाच लागला. शिवरुद्रांची बदली झाली. भुजंगला ताकीद मिळाली. धुरपताबाईची नोकरी राहिली. भूलतज्ज्ञाचं एक पद या दवाखान्यासाठी मंजूर झालं, आणि तो येईपर्यंत थेटर बंद ठेवावं, असा हुकूम निघाला. पद मंजूर झालं ते भरलं काही गेलं नाही. येणारा प्रत्येक जण परभणीला थांबे, नाहीतर औरंगाबादला. थेटरच्या कुलपावर गंज चढला. गंभीर रोगी जीपनं परभणीला न्यायचे, आणि वाटेत सोबत आया द्यायची, असं ठरलं. सोबत म्हणून धुरपताबाईलाच बसवत.

हिवाळ्यात एक बाई आली. जुळं होतं, पहिलं मूल आडून बसलेलं. तिला जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. शेजारी तिची आई, आणि खाली, दोन बाकांच्या मधल्या पत्र्यावर, धुरपताबाई. दगडगोट्यांवर जीप उडाली की ती बाईच्या पाठीखाली आपले दोन्ही हात घालून तो धक्का आपल्या मनगटांवर घेत होती.

बाईनं कळ ओसरल्यावर तिच्याकडं नीट पाहिलं. “तूच का गं मावशे ती? झोपंची?”

“व्हते.”

“दे की मग झोप. कशापायी हाल करायलीस माझे?”

“माज्याकडं काई न्हाई माय.”

“काऊन?”

उत्तर तिच्या आईनं दिलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “ह्यांनी आपलं नाव लिवून घेतलं म्हणं कागदावर. तवापासून बंद हाय सारं.” मग धुरपताबाईकडं वळून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, तिनं विचारलं, “बाई, झाकलेलं झाकून ऱ्हायलं असतं तर काय बिघडलं असतं?”

धुरपताबाईला चांगुणाबाईची पाठ दिसली, पायरी उतरताना. ते या बाईला सांगितलं असतं तरी बाकावरच्या लेकीची कळ त्यानं कमी होणार नव्हती.

पुढची कळ आली. बाईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. धुरपताबाईनं हात सोडवून घेतला नाही. तिनं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीवर थाप मारून सांगितलं, “जरा धिम्यानं, दादा.” रस्त्याच्या कडेचा दगड मागं गेला. परभणी अजून बावीस किलोमीटर होती.